सदर क्रिया अर्ध्या तासाच्या आत

शहाण्णव सालच्या जुलैत जालन्याहून एक पत्र निघालं आणि परतूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात राधाकिसनरावांच्या टेबलावर येऊन पडलं. केंद्र आष्टीच्या वाटेवरच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून हयात आहेत आणि आता त्यांना वाचायलाही येतं. पत्रात लिहिलं होतं की एक ते सात ऑगस्ट हा आठवडा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून साजरा होणार असून, आपल्या कार्यक्षेत्रात मेळावा, मार्गदर्शन आणि सुदृढ बालक स्पर्धा घेऊन अहवाल तात्काळ सादर करावा. 'तात्काळ' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्यामुळं पत्र दहा दिवस उशिरा आलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

राधाकिसनराव केंद्रात आरोग्य सहाय्यक होते. वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षं, शर्टाची इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं. हिवताप, नारू, कुटुंब नियोजन, सगळ्या मोहिमा त्यांनी अंगावर घेतल्या होत्या आणि एकाही मोहिमेत त्यांचा स्वतःवरचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता. भर बाजारात टेबल मांडून निरोधचं पाकीट उंच धरून त्यांनी भाषणं दिली होती. पण हे पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि डॉक्टरांकडं नेऊन ठेवलं. डॉक्टरांकडं दोन केंद्रांचा कारभार होता. त्यांनी ते पत्र न उघडताच परत दिलं. महिला सहाय्यिकेची जागा दोन वर्षं रिकामी होती. राहिल्या नर्स उषाबाई. वीस वर्षांत शेकडो बाळंतपणं केलेली ही बाई. तिनं पत्र वाचलं आणि शांतपणे सांगितलं की मदत सगळी करीन, पण पत्र तुमच्या नावानं आलंय भाऊ.

अडचण कामाची नव्हती. अडचण शब्दाची होती. तो शब्द तोंडात आला की राधाकिसनरावांना आपली माय, बायको आणि लेक एकदम डोळ्यांपुढं दिसत आणि जीभ टाळूला चिकटे. पण सरकारी माणसाला शब्दांची कधी टंचाई नसते. त्यांनी चौदा पानांचं भाषण लिहून काढलं आणि त्यात जिथं जिथं तो शब्द यायला हवा तिथं तिथं 'सदर क्रिया' असं लिहिलं. सदर क्रिया प्रसूतीनंतर अर्ध्या तासाच्या आत सुरू करावी. सदर क्रियेव्यतिरिक्त बालकास मध, गूळपाणी अथवा अन्य काहीही देऊ नये. वाचून त्यांचं त्यांनाच समाधान वाटलं. परतूरच्या घरी आरशापुढं उभं राहून ते रोज सकाळी हे भाषण म्हणू लागले.

घरात ऐकणाऱ्या तिघीजणी होत्या. बायको नंदाबाई, सत्तरी ओलांडलेली माय जयवंताबाई आणि पहिल्या बाळंतपणाला केदारखेड्याहून माहेरी आलेली लेक बेबीनंदा. बेबीनंदाचे दिवस ऑगस्टच्या मध्याला भरणार होते आणि जयवंताबाईंनी सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. जुना गूळ डब्यात घालून ठेवला होता. कापसाचे बोळे वळून झाले होते. शेजारच्या द्वारकाबाईंकडं रानातला अस्सल मध होता, तो बोलून ठेवला होता. पलीकडच्या गल्लीतली एक शेळीसुद्धा सांगून ठेवली होती. पहिले तीन दिवस लेकराला गूळपाणी आणि बोळ्यानं शेळीचं दूध, पहिलं पिवळं दूध म्हणजे चीक पिळून टाकायचा, चौथ्या दिवशी अंगावर घ्यायचं, हा या घरातला कायदा होता आणि तो कुठल्याही परिपत्रकापेक्षा जुना होता.

राधाकिसनरावांना ही सगळी तयारी दिसत होती. चौदा पानांत नेमकं हेच करू नका असं लिहिलेलं होतं. पण आरशाला सांगणं वेगळं आणि मायला सांगणं वेगळं. कार्यक्रम उरकू दे, मग घरचं बघू, असं त्यांनी ठरवलं.

मेळावा तीन तारखेला शाळेच्या पटांगणात ठरला. पहिली अडचण बायका जमवण्याची होती. एक तर खुरपणीचे दिवस. दुसरं म्हणजे राधाकिसनरावांना गावात बघितलं की माणसं नसबंदीची केस शोधायला आले असं समजून मागच्या दारानं रानात जात. उषाबाईंनी सुचवलं की स्पर्धेला बक्षीस आहे म्हणून सांगा. बक्षिसाला केंद्राकडं काही नव्हतं. म्हणून राधाकिसनराव परतुरात भुजंग किराणावाल्याकडं गेले आणि लेकरांच्या उपयोगाचं काहीतरी द्या, स्टेजवरून तुमचं नाव घेऊ, असं सांगून आले. भुजंग खूश झाला. मग कापडी फलकाचं काम एका पेंटरला दिलं. मजकूर कागदावर लिहून दिला, कारण तो तोंडानं सांगायचा नव्हता.

इथवर सगळं बराबर झालं होतं. मेळाव्याच्या सकाळी राधाकिसनराव इस्त्री मोडू नये म्हणून एसटीत उभ्यानंच गावी पोचले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोहीम जिंकून आलेल्या माणसाचं तेज होतं.

पेंटरनं फलक वेळेवर पाठवला होता. शाळेच्या भिंतीवर तो टांगलाही होता. लाल अक्षरं, निळी किनार. पेंटर बिचारा वर्षभर व्यसनमुक्तीचे फलक रंगवत आलेला. हाताला जे वळण पडलं होतं त्याच वळणानं त्यानं लिहिलं होतं, 'स्तनपान टाळा, आरोग्य सांभाळा.'

राधाकिसनराव त्या वेळी खुर्च्या मांडून घेत होते आणि फलकाकडं त्यांची पाठ होती. फलक वाचला तो सरपंच रामरावांनी. रामराव वक्ते माणूस. विषय काय आहे हे कार्यक्रमाला आल्यावरच बघायचं आणि लगेच त्यावर बोलायचं, अशी त्यांची पद्धत होती. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले की या गावातून आपण मद्यपान काढलं, धूम्रपान बऱ्यापैकी कमी केलं, आता हे जे तिसरं पान राहिलं आहे तेही पुढच्या वर्षापर्यंत हद्दपार करू. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. लेकरं घेऊन बसलेल्या साठ-सत्तर बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. उषाबाईंनी पदर तोंडाला लावला.

राधाकिसनरावांनी मान वळवून फलक वाचला. माणसाच्या आयुष्यात असे काही क्षण येतात की जमीन दुभंगली तर बरं असं वाटतं, पण शाळेचं पटांगण मुरमाड होतं. त्यांनी घाईनं गावातून रंग आणि ब्रश मागवला, स्टुलावर चढले आणि 'टाळा'च्या ट चा प केला. 'स्तनपान पाळा' झालं. अर्थ लागत होता. रामरावांना खालच्या आवाजात खरा विषय सांगितला, तेव्हा त्यांनी माईक पुन्हा हातात घेतला आणि मघाशी मी विरोधकांची बाजू मांडली, असं जाहीर केलं.

तेवढ्यात भुजंगचं बक्षिसाचं खोकं आलं. उषाबाईंनी ते उघडलं आणि लगेच मिटलं. मग राधाकिसनरावांना बाजूला बोलावून पुन्हा उघडलं. आत दूध पाजायच्या अकरा प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या आणि मध्यभागी, पहिल्या बक्षिसासाठी, दुधाच्या पावडरचा मोठा डबा. झाकणावर गुबगुबीत लेकरू हसत होतं.

"भाऊ," उषाबाई म्हणाल्या, "ब्याण्णव सालापासून हे वाटायला बंदी हाय. कायदा हाय. आन् ते बी आज, ह्या कार्यक्रमात."

राधाकिसनरावांना कायदा पाठ होता. नववं पान. ते काही बोलणार इतक्यात रस्त्यावर जीपचा आवाज आला. जिल्ह्याच्या माता-बाल संगोपनाच्या मॅडम जालन्याहून आल्या होत्या. खोकं लपवायला जागा नव्हती. शाळेच्या खोल्यांना कुलपं होती. जवळ होती ती फक्त लसीची निळी पेटी. लसीकरण उरकलेलं होतं, बर्फ वितळत आला होता. राधाकिसनरावांनी अकरा बाटल्या आणि डबा त्यात कोंबला, झाकण दाबलं आणि स्वतः त्या पेटीवर बसले.

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फलक वाचला, प वर जरा थांबल्या, खुर्ची घेतली नाही. मी आलेच आहे तर लस कशी ठेवता ते बघते, म्हणाल्या. राधाकिसनराव पेटीवरून उठले नाहीत. मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या. वरिष्ठ उभे आणि आपण बसलेले हे दृश्य बावीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते त्यांना स्वतःलाच सहन झालं नाही. ते उठले. मॅडमनी झाकण काढलं. बर्फाच्या पाण्यात एक बाटली हलकेच वर आली.

"ही कुठली लस?" मॅडमनी विचारलं.

राधाकिसनरावांनी जे घडलं ते सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, पेटीचं झाकण लावलं आणि लेखी खुलासा द्या, असं सांगून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

अशा वेळी दुसरा एखादा माणूस खचला असता. राधाकिसनराव माईकपुढं उभे राहिले आणि चौदा पानांचं भाषण सुरू केलं. आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध. सदर क्रिया अर्ध्या तासाच्या आत. सदर क्रियेमुळं रोगप्रतिकारशक्ती. सदर क्रियेस पर्याय नाही. पंचवीस मिनिटं बायका मन लावून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही म्हनता ते समदं बराबर हाय. पर ती क्रिया कोन्ती?"

हशा झाला नाही, हे जास्त वाईट झालं. सगळ्यांनाच तो प्रश्न पडलेला होता.

स्पर्धेनं मात्र कार्यक्रम वाचवला. उषाबाईंनी सगळी लेकरं काट्यावर घातली आणि साखराबाई नावाच्या बाईचं पाच महिन्यांचं पोरगं सगळ्यांत भारी निघालं. साखराबाईचं घर मेंढरंवाल्यांचं. गावाच्या कडेला त्यांची वस्ती, वर्षातले सहा महिने मेंढरामागं फिरती. मॅडमनी तिला जवळ बोलावून विचारलं की लेकराला काय देतेस. साखराबाईला वाटलं आपलं काही चुकलं. तिनं पोरगं दुसऱ्या काखेत घेतलं आणि सांगायला लागली.

"काय देनार मॅडम, माझंच. मेंढरं घेऊन तिकडं केदारखेड्याच्या माळावर गेल्तो, तिथंच झालं हे. मी आन् माझी चुलती. मध न्हाई, गूळ न्हाई, जाणतं मानूस न्हाई. रडाया लागलं, मंग धरलं छातीला. पहिलं पिवळं दूध बी त्यानंच पेलं. आता बाटली घेतली तर ती उकळायला चूल कुठं मांडू? मेंढरं थांबत्यात का?"

एका बाईनं विचारलं की पाणीसुद्धा नाही का. साखराबाई म्हणाली की माळावर पाणी मलाच मिळत नव्हतं, त्याला कुठलं देऊ. बायका पुढं सरकून तिच्या पोराच्या मांड्या दाबून बघायला लागल्या. चौदा पानांनी जे झालं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. बक्षीस द्यायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून मॅडमच्या सत्कारासाठी आणलेली शाल मॅडमनी स्वतःच्या हातानं साखराबाईच्या खांद्यावर घातली.

जाताना मॅडम जीपपाशी थांबल्या. तुमच्या घरी कुणी बाळंतीण आहे का, असं त्यांनी सहज विचारलं असावं. पण राधाकिसनरावांची दिवसभर जखमी झालेली प्रतिष्ठा त्या प्रश्नावर ताडकन उठून बसली. लेक आलेली आहे, आणि आमच्या घरात सगळं नियमाप्रमाणं होणार, गूळपाण्याचा थेंब नाही, आपण येऊन खात्री करावी, असं ते बोलून गेले. मॅडमनी डायरी उघडली. सात तारखेला परतुरात समारोप आहे, तेव्हा घरावरून जाईन, म्हणाल्या. बाळंतपण झालं नसलं तरी घरच्यांशी बोलेन.

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी ठरवलं की आज मायला सांगायचंच. घरी पोचले तर माय शेळीवालीशी चौथ्या दिवसापर्यंत दूध पुरेल का याची चर्चा करत होती. चार तारखेला द्वारकाबाई बसलेल्या होत्या आणि त्या गेल्याच नाहीत. त्यांच्या मते पहिलं दूध इतकं जड असतं की लेकराचं पोट आखडतं. त्यांच्या थोरल्या जावेच्या बहिणीच्या घरी तसं झालं होतं. पाच तारखेला राधाकिसनरावांनी घसा साफ केला, माय, सदर, एवढं म्हटलं आणि खोकल्याचा बहाणा करून बाहेर गेले. अजून आठ दिवस आहेत, असा त्यांचा हिशोब होता.

त्या रात्री ते केंद्रावरच मुक्कामाला गेले, आणि सहा तारखेला सकाळी ग्रामपंचायतीच्या फोनवर तिथं निरोप आला. बेबीनंदाला पहाटेपासून कळा लागल्या होत्या, परतूरच्या एका दवाखान्यात नेलं होतं आणि नऊ वाजता मुलगी झाली होती. घड्याळात सव्वानऊ झाले होते. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं गेली होती आणि राधाकिसनराव परतूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर होते. उषाबाईंनी पर्स उचलली. मी येते, म्हणाल्या, तुमच्यानं तिथं बोलणं व्हायचं न्हाई. एक काळीपिवळी जीप मिळाली. ती दर फाट्याला थांबत गेली. एका फाट्यावर एक माणूस चढला, उतरला आणि टोपी विसरली म्हणून परत चढला. राधाकिसनराव सारखे घड्याळ बघत होते. अर्धा तास संपला तेव्हा त्यांनी मनगट खिशात घातलं.

दवाखान्यात पोचायला पावणेअकरा झाले. बाळंतिणीच्या खोलीला हिरवा पडदा होता. बाहेरच्या बाकावर चार-पाच माणसं बसलेली. नंदाबाई दारातच भेटल्या. मुलगी ठणठणीत आहे, बेबी थकली आहे, रडते आहे, आणि सासूबाईंनी अजून लेकराच्या तोंडात काही घातलेलं नाही, एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. का घातलं नाही, तर द्वारकाबाई मध आणायला घरी गेल्या होत्या आणि त्यांना कपाटाची किल्ली सापडत नव्हती. राधाकिसनरावांनी जन्मात कुणाच्या हरवलेल्या किल्लीसाठी देवाचे आभार मानले नव्हते. ते त्यांनी त्या दिवशी मानले.

उषाबाई आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. "आजी ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हनतात, सरकारचं काय म्हननं असंल ते माझ्या लेकानं मला सांगावं. परकीच्या तोंडून ऐकनार न्हाई. आता तुमीच बोला, पडद्याआडून."

राधाकिसनराव पडद्यापाशी उभे राहिले. आत त्यांची माय होती, लेक होती आणि दोन तासांचं एक माणूस होतं. बाकावरची माणसं मान वर करून बघायला लागली. कंपाउंडर थांबला.

"माय," ते म्हणाले, "सदर..."

आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, न थांबणारा.

"माय, तिला लेकराला पाजू दे. आत्ताच. मध नको, गूळपाणी नको, ती शेळी नको. ते पिवळं दूध पिळून टाकायचं न्हाई. तेच पाजायचं. स्तनपान म्हनतात त्याला. दुसरं काही बिलकुल द्यायचं न्हाई."

ते इतक्या मोठ्यानं बोलले होते की दवाखान्याच्या फाटकातल्या माणसानंही वळून बघितलं.  मग जयवंताबाईंचा आवाज आला.

"इतकं सोपं व्हतं तर आरशापुढं काय करून राह्यला व्हतास?"

पडदा सरकला आणि म्हातारी स्वतः बाहेर आली. तिनं उषाबाईंना हातानं आत जा म्हणून खुणावलं. लेकाला कोपऱ्यात नेलं. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"तुझ्या आधीची दोन," ती म्हणाली. "ठाऊक हाय ना तुला."

राधाकिसनरावांना ठाऊक होतं, पण फक्त संख्येनं. आपण तिसरे, एवढंच. त्या दोघांची घरात कुणी नावं घेत नसे, कारण नावं ठेवायच्या आधीच ती गेली होती.

"त्यांला मी तीन दिस गूळपान्यावर ठिवलं व्हतं. सासूनं सांगितलं, मी केलं. चीक माझ्या हातानं मातीत पिळला. मंग मीच मारली का रे ती?"

 राधाकिसनरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई, माय. कशानं गेली ते आता कुनालाच सांगता यायचं न्हाई. तव्हा नाळ विळ्यानं कापायचे, धनुर्वात व्हायचा, काहीबी असंल. तुला कुनी सांगितलं न्हाई. मला तर पगार देऊन सांगितलं, तरी मी तुला सांगायला आज आलो."

जयवंताबाईंनी लेकाच्या हातातली टोपी घेऊन पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुझ्या येळंला मी कापसाच्या रानात व्हते, तिथंच झालास. सासू घरी. घरी येईस्तोवर तू दोनदा पेल्ता." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि आत गेल्या.

द्वारकाबाई त्याच वेळी धापा टाकत आल्या. किल्ली सापडली होती. मधाची बाटली जयवंताबाईंनी दारातच त्यांच्या हातातून घेतली, बूच काढलं, बोटभर मध स्वतःच्या जिभेवर घेतला आणि मला खोकला आहे, असं सांगून बाटली आपल्या पिशवीत टाकली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. लेकरू झोपी जाई, उठवलं की तोंड फिरवी. बेबीनंदा रडत म्हणे की मला दूधच नाही. उषाबाई लेकराचं डोकं धरून पुन्हा पुन्हा जवळ नेत होत्या आणि मागं जयवंताबाई बसल्या होत्या, नातीच्या पाठीवरून हात फिरवत. राधाकिसनराव बाहेर येरझाऱ्या घालत होते. बाकावरच्या एका अनोळखी माणसानं त्यांना दोनदा बसा म्हणून जागा दिली. बारा वाजून गेल्यावर आतलं रडणं थांबलं. उषाबाईंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं.

"लागलं," त्या म्हणाल्या.

राधाकिसनराव तेव्हा कुठं बाकावर बसले आणि बसल्या बसल्या त्यांच्या शर्टाची इस्त्री पार चुरगळून गेली.

सात तारखेला मॅडम ठरल्याप्रमाणं आल्या. तोवर बाळंतीण घरी आली होती आणि खोलीच्या दाराशी जयवंताबाईंनी पाट टाकून ठाणं मांडलं होतं. द्वारकाबाई सकाळपासून तीनदा सांगून गेल्या होत्या की उकाडा आहे, लेकराला चमचाभर पाणी तरी द्या. तिन्ही वेळा जयवंताबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. मॅडमनी लेकराला घेण्यासाठी हात पुढं केले.

"हात धुतले का?" जयवंताबाईंनी विचारलं.

मॅडम मोरीवर जाऊन हात धुऊन आल्या. मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि म्हातारीनं पटापट उत्तरं दिली. पाणी नाही, मध नाही, बाटली नाही, चार-सहा महिने काहीच नाही. मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं. आता आपली पाळी, असं समजून जयवंताबाईंनी विचारलं की तुम्ही तुमच्या लेकराला किती दिवस पाजलं. मॅडमनी डायरी मिटली. दीड महिना, म्हणाल्या, मग कामावर हजर व्हावं लागलं.

"मंग तुमच्या वरच्या सायबाला कुनी पत्र न्हाई धाडलं?"

राधाकिसनरावांना वाटलं, संपलं, आता खुलाशाचे दोन कागद होणार. पण मॅडम हसल्या. मोकळ्या, मोठ्यानं, जालन्याच्या ऑफिसात त्या कधी हसत नसाव्यात तशा. लेकराला पुन्हा एकदा घेतलं आणि जाताना राधाकिसनरावांना हळूच म्हणाल्या की बाटल्यांचा खुलासा मात्र लागेलच.

खुलासा गेला. पाठोपाठ अहवाल भरायची वेळ आली. छापील नमुन्यात शेवटचा रकाना होता, सप्ताहात प्रत्यक्ष मतपरिवर्तन झालेल्या लाभार्थींची संख्या, नाव व वय. अशा रकान्यात राधाकिसनराव आजवर नेहमी गोल आकडा भरत आले होते. ऐंशी, एकशे वीस, मूड चांगला असला तर दोनशे. या वेळी त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, एक. जयवंताबाई. वय बहात्तर.

तीन आठवड्यांनी जालन्याहून टपालानं कागद आला. कुणा कारकुनानं हिरव्या शाईनं लिहिलं होतं की स्तनपान कार्यक्रमात लाभार्थीचे वय ७२ दर्शविले आहे, ते संभवत नाही, २२ असावे असे वाटते, तरी दुरुस्ती करून फेरसादर करावे. उषाबाई म्हणाल्या, भाऊ, बावीस करून टाका, मिटलं. राधाकिसनरावांनी बावीस वर्षं वरच्या ऑफिसला हवे ते आकडे दिले होते. पण त्यांनी कोरा कागद घेतला आणि आपल्या सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं.

'वय बरोबर आहे. शंका असल्यास समक्ष येऊन खात्री करावी. मात्र येताना हात धुऊन यावे.'